शुद्ध विजेचा उपासक

गाणं ऐकणाऱ्यांचे तीन वर्ग असतात. पहिल्या वर्गातले लोक गाणं ऐकतात. हे संख्येने पुष्कळ, स्वभावाने सुखी आणि जाणकारांच्या मते वाया गेलेले. दुसऱ्या वर्गातले लोक स्पीकर ऐकतात. त्यांच्या घरी गेलं की वूफर किती इंची आहे ते आधी कळतं, गाणारं कोण ते मागाहून. तिसऱ्या वर्गापर्यंत मजल फार थोड्यांची जाते. हे लोक वीज ऐकतात. भिंतीतल्या प्लगातून येणारी वीज कितपत स्वच्छ आहे, ते त्यांना मालकंसातल्या मध्यमावरून कळतं.

असा एक तरी माणूस प्रत्येक मोठ्या गावात असतो. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडवर सापडतो, पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास. वय पंचावन्नच्या पुढे, चष्मा कपाळावर, खिशाला पेनाऐवजी टेस्टर आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर सोल्डरिंगचे जुने चटके. दुकानदार त्याला लांबून ओळखतो आणि जमल्यास आतल्या खोलीत जातो. कारण बाकीचं गिऱ्हाईक "हजार मायक्रोफॅरडचा एक द्या" म्हणतं, पैसे टाकतं आणि जातं. हा विचारतो, "कुठल्या सालचा आहे?"

आमच्या सोसायटीतला या जातीचा नमुना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काका. काकांनी सगळी हयात वीजखात्यात काढली. लोकांच्या घरी वीज पोचवायचं काम त्यांनी चोख केलं. निवृत्त झाल्यावर मात्र तीच वीज स्वतःच्या घरात घ्यायला ते राजी नाहीत. "ती कुठून कुठून येते ते मी पाहिलंय," एवढंच म्हणतात आणि हात धुवायला जातात.

काकांच्या दिवाणखान्यातल्या एकाही यंत्राला झाकण नाही. सीडी प्लेअर उघडा, त्याशेजारचा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा डबा, तोही उघडा, अ‍ॅम्प्लिफायर उघडा. मूळ जागेत न मावलेले कपॅसिटर वायरींवर उभे राहून बाहेर डोकावत असतात. सगळे स्क्रू बोर्नव्हिटाच्या जुन्या बाटलीत जमा आहेत, आणि ती बाटली भरत आली आहे. काकू रंगाच्या ब्रशने त्या यंत्रांवरची धूळ झटकतात. त्यांना एकाही आयसीचं नाव ठाऊक नाही, पण कुठल्या भागाला हात लागला की झटका बसतो ते पाठ आहे. नव्या कामवाल्या बाईंना त्या पहिल्या दिवशी घर दाखवतात तेव्हा देवघर, ओटा, न्हाणीघर झाल्यावर दिवाणखान्याच्या दारातच थांबतात आणि म्हणतात, "इथे नका येऊ. इथे ह्यांचं चालू असतं."

नवीन यंत्र घरी आलं की काका ते लावून पाहत नाहीत, उलटं करतात. मागच्या गॅरंटीच्या चिकटपट्टीवर स्क्रू ड्रायव्हर फिरवताना त्यांचा हात कधी थरथरत नाही.

"अहो, आधी ऐकून तरी बघा," काकू म्हणतात.

"ऐकायचंय काय त्यात? आत ७८०५ आहे."

हा ७८०५ म्हणजे तीन पायांचा, चहाच्या किमतीत मिळणारा रेग्युलेटर. आत जास्त व्होल्टेज द्या, बाहेर ५ व्होल्ट काढून देतो. जगातल्या असंख्य यंत्रांत तो मुकाट्याने काम करतो आहे. काकांचा त्याच्यावर राग आहे. तो काढून ते एलएम ३१७ बसवतात. महिनाभराने तेही खुपायला लागतं, मग त्याहून कमी गोंगाटाचा एलटी ३०४५ येतो. तो नखाएवढा असतो, उघड्या डोळ्यांनी त्याचे पाय दिसत नाहीत, म्हणून काका भिंग घेऊन बसतात आणि त्या दिवशी घरात कोणी पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्याने तो उडतो.

एकदा कुणातरी नवख्या शेजाऱ्याने त्यांना विचारलं, "काका, डिजिटल म्हणजे नुसते शून्य आणि एक. त्यांना वीज चांगली काय नि वाईट काय?" त्याला नऊला आत घेतलं होतं, तो साडेअकराला बाहेर आला. पण त्या अडीच तासांत काका जे बोलले ते खोटं नव्हतं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे आवाजाच्या एकूण पायऱ्या ६५,५३६. प्लेअर भरात असताना दोन व्होल्ट बाहेर देतो, त्या हिशेबाने एक पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची होते. शून्य-एकांचा आवाज बनवायचा तर ते आकडे कुठल्यातरी एका ठरावीक व्होल्टेजने गुणावे लागतात. ते व्होल्टेजच अस्थिर असेल तर? कापड मोजणाऱ्याच्या हातातली पट्टीच हलत असेल तर कापड कितीही चांगलं असून उपयोग काय? शिवाय नमुने ठरल्या क्षणीच यायला हवेत, त्यासाठी घड्याळाचा स्फटिक, त्या स्फटिकालाही वीज. सगळं फिरून विजेवरच येतं.

हे सगळं बरोबर आहे, आणि काकांच्या बाबतीत खरी पंचाईत तीच आहे. माणूस शंभर टक्के चुकीचा असला की त्याच्याशी भांडता येतं. काकांच्या म्हणण्यात अर्धं शास्त्र आहे. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात, ते दहा अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, चाळीस वर्षांच्या प्लेअरमधले ते बदललेच पाहिजेत. हे कुठलाही दुरुस्तीवाला सांगेल. उरलेलं अर्धं कुठे सुरू होतं ती रेघ काकांनी कधी पाहिली नाही. पाहिली असती तर तीही त्यांनी सोल्डर लावून पुढे सरकवली असती.

सीडी पहिल्यांदा बाजारात आली १९८२ साली, जपानात. निर्दोष आवाज, तोही कायमचा, असं तिच्या कर्त्यांचं वचन होतं. काका अजून ते वचन आठवून दुखावतात. आवाज आधीच निर्दोष असेल तर यांनी आयुष्य घालवायचं कशावर? त्यांनी फिलिप्सचा एक जुना प्लेअर मिळवला, केवळ त्यातल्या टीडीए १५४१ या चिपसाठी. या चिपच्या निवडक नगांवर छोटा मुकुट छापलेला असतो, आणखी निवडक असतील तर दोन. काकांच्या चिपवर एक मुकुट आहे. दोन मुकुटवाली चिप असलेला एक माणूस नाशकात आहे म्हणतात. काका त्याचं नाव घेत नाहीत.

दोष शोधण्याच्या कामी त्यांनी काही उरू दिलं नाही. १९९० च्या सुमारास सीडीची कड हिरव्या मार्करने रंगवायचं खूळ परदेशात निघालं होतं. काकांच्या त्या काळातल्या सीड्या अजून हिरव्या कडांच्या आहेत. सीडी फ्रीजरमध्ये ठेवून थंड केली की आवाज सुधारतो असंही कुणी सांगितलं, तेव्हा काकूंच्या मटारांशेजारी काही दिवस वसंतराव देशपांडे होते. मग आला बाण काढलेला फ्यूज. हा फ्यूज एकाच दिशेने बसवायचा असतो. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, हे आयुष्यभर वीजखात्यात घालवलेल्या माणसाला काय सांगायचं? तरी भाच्याने सांगून पाहिलं. काका म्हणाले, "वीज बदलते रे दिशा. म्हणूनच निदान फ्यूजने तरी एका बाजूला राहायला हवं."

हा भाचा कधीमधी मुक्कामाला येतो. तो सीओईपीत शिकतो. त्याचं शिक्षण आणि मामाचं ज्ञान यांचा संबंध कसा आहे ते ऑपॅम्पच्या प्रकरणावरून दिसतं. ऑपॅम्प म्हणजे आठ पायांची चिप, सिग्नल मोठा करणारी. काकांच्या प्लेअरमध्ये ५५३२ होती. ही चिप जगभरच्या स्टुडिओंतल्या मिक्सरमध्ये शेकड्यांनी बसवलेली असते. म्हणजे जे गाणं काका ऐकतात ते घरी येण्याआधीच कितीतरी ५५३२ पार करून आलेलं असतं. काकांनी त्या रांगेतली शेवटची तेवढी उपटली आणि तिच्या जागी फार वेगवान अशी महाग चिप बसवली. दुसऱ्या दिवशी भाच्याला आनंदाने म्हणाले, "हवा आली बघ. इतकी वर्षं गाण्यात हवाच नव्हती."

भाच्याने ऑसिलोस्कोप लावला. नवी चिप जवळ छोटा कपॅसिटर नसल्यामुळे स्वतःच्याच नादात मेगाहर्ट्झमध्ये थरथरत होती आणि इतकी तापली होती की बोट टेकवता येईना.

"मामा, ही हवा नाही. चिप ऑसिलेट होतेय."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "मला यंत्राशिवाय कळलं."

काकांचे शब्द वेगळे असतात. आपण "छान वाजतंय" म्हणतो. ते म्हणतात, "पडदा बाजूला झाला." कपॅसिटर बदलला की मंच रुंद होतो. ट्रान्सफॉर्मर बदलला की मंच खोल होतो. वायर बदलली की बायाँ जागेवर येतो. तानपुऱ्याची जव्हारी त्यांना ऐकू येत नाही, दिसते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या सीडीवर घेतलेल्या त्यांच्याकडे आहेत. तीनेक मिनिटांचं गाणं, त्यावर सुईची खरखर. रेग्युलेटर बदलल्यावर काका ती लावतात आणि डोळे मिटून म्हणतात, "खरखर ऐका. आधी नुसतं भाजल्यासारखं वाटायचं. आता प्रत्येक ओरखडा मोजता येतो."

विजेचा सूर हा काकांचा खास विषय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची; रेक्टिफायरमधून गेली की तिची गुणगुण १०० हर्ट्झला होते. हार्मोनियमवर पाहायचं तर ती खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. काका कुणाच्याही घरी गेले की आधी मान तिरपी करून उभे राहतात, मग म्हणतात, "तुमचा स्टॅबिलायझर पांढरी पाचात आहे." यजमानाला हे कौतुक आहे की तक्रार ते कळत नाही, तो चहा आणायला जातो. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं वीजजाळं बाकीच्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. काका तेव्हा नोकरीत होते. तो दिवस ते अजून साजरा करतात. "काश्मीर ते कन्याकुमारी, एक सूर!" ते म्हणतात. "घराण्यांना जमलं नाही ते ग्रीडने केलं." पण हा राष्ट्रीय सूर स्वतःच्या स्पीकरमधून आलेला त्यांना चालत नाही.

म्हणून काका रात्री दोन वाजता गाणं ऐकतात. तेव्हा लिफ्ट थांबलेली असते, पंप बंद असतो, कुणाकडे मिक्सर लागलेला नसतो, वीज म्हणे शांत असते. अडचण एवढीच की शेजारीही झोपलेले असतात, त्यामुळे मोठ्या कष्टाने निवडलेले स्पीकर बंद ठेवून हेडफोन लावावे लागतात. आठवड्यातला त्यांचा सर्वात सुखाचा वार गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज जाते, सगळी सोसायटी घामाघूम होऊन पालिकेला आणि वीजखात्याला आळीपाळीने नावं ठेवते आणि काका खिडकी लावून, पंख्याविना, मोटारीच्या बॅटरीवर डॅक चालवतात. बॅटरीची वीज म्हणजे शुद्ध डीसी. तिला ना ट्रान्सफॉर्मर लागतो ना रेक्टिफायर. काकूंचा दत्ताचा उपास आणि काकांची बॅटरी एकाच वारी येते. घरातल्या दोन्ही उपासना अशा सुरळीत चालतात.

नवा भाग बसवला की तो लगेच ऐकायचा नसतो. तो मुरावा लागतो. किती तास? काकांच्या मते दोनशे. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास, म्हणून सगळी सहल त्याच हिशेबाने आखली जाते. कुटुंब कोकणात जातं. इकडे बंद फ्लॅटमध्ये प्लेअरवर रिपीटचं बटण दाबलेलं असतं आणि विजेचा खर्च नको म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बंद. घरात माणूस नाही, स्पीकरला आवाज नाही आणि भीमसेनजी अहोरात्र यमन गात आहेत. परत आल्यावर काका चपला न काढता प्लेअरकडे जातात, अ‍ॅम्प्लिफायर लावतात, ऐकतात आणि म्हणतात, "हं. सुटलाय आता." गायक की कपॅसिटर, ते विचारायची सोय नसते.

सोसायटीच्या इतिहासात काकांची नोंद मात्र खड्ड्यामुळे झाली. इमारतीचं अर्थिंग खराब आहे, त्यातून लिफ्टच्या मोटरचा गोंगाट आपल्या डॅकमध्ये शिरतो, असा त्यांना एका रात्री साक्षात्कार झाला. त्यांनी समितीला "सदस्यांच्या विद्युत-सुरक्षेविषयी" असं पत्र दिलं. पत्र कुणी वाचलं नाही, म्हणून मंजूर झालं. बागेच्या कोपऱ्यात माणूसभर खड्डा खणला गेला. तळाशी तांब्याची पट्टी, तिच्याभोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर पाणी ओतायला पाइप. हे सगळं रीतसर होतं. अर्थिंग असंच करतात. प्रश्न आला उन्हाळ्यात. माती कोरडी पडली की अर्थिंग ढिलं पडतं, म्हणून काकांनी वॉचमनला रोज दोन बादल्या पाणी घालायला सांगितलं. त्या महिन्यात सोसायटीत टँकर येत होते.

वार्षिक सभेत "विषय क्र. ६ : बागेतील खड्डा व त्यास दिले जाणारे पाणी" असा विषय आला. तळमजल्यावरच्या आजोबांनी कुंड्यांना पाणी बंद आणि मिठाला पाणी चालू, हे कुठल्या उपविधीत बसतं असं विचारलं. काका उठले आणि पायरी, मायक्रोव्होल्ट, ६५,५३६ इथून सुरुवात केली. अध्यक्षांनी घाईघाईने तज्ज्ञ बोलवायचं ठरवलं. आलेल्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावून पाहिलं तर काय, इमारतीचं जुनं अर्थिंग कधीच गंजून तुटलेलं, लिफ्टला अर्थिंगच नाही! काकांच्या खड्ड्याने अख्ख्या सोसायटीवरचं संकट टळलं. टाळ्या पडल्या, आभाराचा ठराव झाला आणि त्याच ठरावात पुढे लिहिलं होतं की लिफ्ट आणि पाण्याचा पंप दोन्ही काकांच्या नव्या अर्थिंगला जोडावेत.

ज्या लिफ्टपासून पळायला खड्डा खणला तीच लिफ्ट त्या खड्ड्यात येऊन बसली. काकांनी त्या ठरावावर सूचक म्हणून सही केली आणि तीन आठवडे गाणं ऐकलं नाही.

त्यांच्याकडे "ऐकायला" जाणं हाही एक विधी आहे. बसायची खुर्ची एकच, भिंतीपासून मोजून ठेवलेली. तिच्यावर पाहुण्याने बसायचं, मान हलवायची नाही. काका केसरबाई केरकरांची भैरवी लावतात. पाऊण मिनिट होतं न होतं तोच बंद करतात, मागे जातात, एक वायर काढून दुसरी लावतात आणि तेच पाऊण मिनिट पुन्हा. मग तिसऱ्या वायरीने. त्या भैरवीचं पहिलं पाऊण मिनिट काकांइतकं या पृथ्वीवर कुणाला पाठ नसेल. पुढे बाई काय करतात ते मात्र काकांना अजून ठाऊक नाही. तिथवर यंत्र तयार झालेलं नाही.

हीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. त्यातलं एक यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. केरीसारख्या गोव्यातल्या गावात जन्मलेल्या, रेकॉर्डिंगचा तिटकारा असलेल्या बाईंचा सूर ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत चालला आहे, हे पाहुण्याने भारावून सांगितलं की काकाही भारावतात. पण त्यांचं कारण वेगळं असतं.

"त्या यानात पॉवर सप्लाय काय आहे माहितीय? प्लुटोनियम! त्याच्या उष्णतेतून थेट डीसी. ना ५० हर्ट्झ, ना शेजारी मिक्सर, ना लिफ्ट."

"पण काका, ती तबकडी तिथे वाजत नाहीये. नुसती सोबत दिलीय, बरोबर एक सुई ठेवून."

"नसू दे वाजत," काका म्हणतात. "वाजली तर काय वाजेल!"

शेवटी भाच्यानेच धीर केला. पडद्यामागे दोन प्लेअर ठेवले, एक काकांनी सुधारलेला आणि दुसरा त्याच मॉडेलचा, कुणी हात न लावलेला. दोन्हींचा आवाज मीटरने सारखा केला, कारण किंचित मोठं वाजणारं यंत्र कानाला नेहमी जास्त चांगलं वाटतं. मग वीस वेळा नाणं उडवून त्याप्रमाणे कधी हा, कधी तो लावला. काकांनी दर वेळी ठामपणे उत्तर दिलं. वीसपैकी दहा बरोबर आली.

"मामा, नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती."

"पन्नास टक्के आहेत," काका म्हणाले. "आमच्या वेळी पस्तीसला पास करायचे."

भाच्याने माघार घेतली नाही. २००७ साली मेयर आणि मोरन या दोघांनी अमेरिकेत अशीच चाचणी घेतली होती. उच्च प्रतीच्या रेकॉर्डिंगचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला, तर ५५४ प्रयत्नांत २७६ वेळा लोकांना तो ओळखता आला; म्हणजे निम्म्याहूनही किंचित कमी. भाच्याने हे आकडे मामासमोर ठेवले. काकांनी ते शांतपणे ऐकले.

"अमेरिकेत वीज किती हर्ट्झची?"

"साठ."

"मग?" काका म्हणाले आणि विषय संपला.

भाच्याने शेवटचा उपाय म्हणून मोबाइलवर चढत जाणारा सूर लावला. अकरा हजार हर्ट्झच्या पुढे काकांना काही ऐकू येईना. साठीनंतर बहुतेकांचं असंच होतं. भाचा पंधरा हजारांच्याही वर ऐकत राहिला. काका त्याच्याकडे जराशा दयेने पाहत म्हणाले, "तू वरचं ऐकतोस. मी आतलं ऐकतो."

एवढं सगळं सांगितल्यावर काकांच्या हातून कुणाचं भलं झालं नाही असा समज होईल. तसं नाही. चौथ्या मजल्यावर गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात एकाएकी घरघर सुरू झाली. बाईंचा षड्ज काळी चारचा. घरघर पांढरी पाचाच्या जरा वर. त्यामुळे त्यांच्या षड्जाच्या किंचित खाली आणखी कुणीतरी हट्टाने आपला षड्ज लावून बसलाय असं व्हायचं. बाई हैराण, शिष्या बेसूर, आणि खालच्या मजल्यावर काका अस्वस्थ. कारण ती घरघर मजल्यामधून त्यांना ऐकू येत होती.

काका बॅग घेऊन वर गेले. तानपुऱ्याचा अ‍ॅडॅप्टर उघडला. आत एक कपॅसिटर फुगून माथ्यावर फुटलेला. काकांनी खिशातल्या डबीतून दुसरा काढला, दोन टाके दिले, झाकण लावलं. हो, झाकण लावलं. दहा मिनिटांत काम झालं. तानपुरा सुरू केला तर खोलीत नुसता स्वच्छ षड्ज-पंचम. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शिष्यांनी एकमेकींकडे पाहिलं. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी, ज्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, त्या दारात येऊन म्हणाल्या, "आता बरं वाटलं गं."

काका मात्र पडलेल्या चेहऱ्याने बॅग आवरत होते.

"काका, केवढा फरक पडला!" बाई म्हणाल्या.

"पडणारच," काका म्हणाले. "आजींना कळला म्हणजे काय ते ओळखा. चारचौघांना ऐकू येते ती दुरुस्ती, बाई. ती कुणीही करेल."

"किती द्यायचे?"

"दुरुस्तीचे काय घ्यायचे?" काका दारापर्यंत गेले आणि थबकून मागे वळले. इतका वेळ नव्हती ती चमक त्यांच्या डोळ्यांत आली. "याच्या आत रेग्युलेटर साधा ७८०५ आहे, पाहिला मी. तुमची हरकत नसेल तर रविवारी घेऊन जातो. दोनशे तास लागतील."

बाईंनी हात जोडून नमस्कार केला, दार लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. तो मात्र कुणालाही ऐकू येईल असा होता.